खोटा ढग

क्लाक्सविकला ढगांचा तुटवडा नाही.
सकाळपासून एक जाडजूड ढग
खाडीपलीकडच्या डोंगराला टेकून बसलाय,
उठायचं नाव घेत नाही.
तरी मारयुन लॅपटॉपमध्ये आणखी एक बनवते आहे,
मुठीएवढा,
खोटा,
कारण खरा ढग परदेशातल्या कुठल्याशा गोदामात राहतो
आणि आपल्या प्रत्येक चुकीचं बिल पाठवतो.

काम तसं साधं. कुनॉयच्या हानुसची वही:
कुठल्या घरची मेंढी, कुठल्या कानाला कसली खाच,
डाव्याला वरून काप, उजव्याचं टोक छाटलेलं,
एकशे चौदा पानांचे फोटो.
सगळे वर जायचेत, कायमचे.
त्याआधी खोट्यावर हात बसवायचा.

पत्त्याची एक ओळ बदलली:
लोकलहोस्ट, पोर्ट नऊ हजार.
एचटीटीपीचा एस काढून टाकला,
घरातल्या घरात कुलूप कशाला.
किल्ली लिहिली 'मेंढी', गुपित लिहिलं 'मेंढीमेंढी'.
खोट्या ढगाला चालतं,
तो कुणालाच ओळखत नाही, म्हणून सगळ्यांना घेतो.
मग एक बादली केली.
(बादलीच म्हणतात तिला.
ढगात बादली, हे फोनवर ऐकून हानुसला
हसता हसता ठसका लागला होता.)

जोडणी नाकारली.
पुन्हा.
जोडणी नाकारली.
ब्राउझरमधून डोकावलं तर ढग टक्क जागा,
बादली रिकामी, तोंड उघडं.
कोडने हाक मारली की मात्र चिडीचूप.
पोर्ट तपासला, स्पेलिंग तपासलं,
कॉफी गार झाली ती तशीच प्यायली,
मग यंत्राला अशा शिव्या दिल्या
ज्या तिला येतात हे घरी माहीत नाही.

दुपारी हानुस आला. बूट दारात, वही तेलकापडात.
अडलंय का, असंही विचारलं नाही.
त्याचं स्वतःचंच रडगाणं:
विदेरॉयहून आणलेली ती काळी मेंढी,
चार वेळा हाकलली घरी,
चार वेळा निघाली बोटीच्या धक्क्याकडे.
"घरी म्हटलं की ती तिच्या घरी निघते गं.
माझ्या घरी कशाला येईल?"

मारयुन हं हं करत होती.
मग हं करायची थांबली.

प्रोग्रॅम कंटेनरमध्ये होता.
बंदरावरचे लोखंडी नव्हेत, तिच्याच यंत्रातला एक,
चार भिंतींचा, स्वतःपुरता.
त्याला ती सकाळपासून सांगत होती: 'इथे' जा.
आणि तो बिचारा इमानाने जात होता
स्वतःच्या 'इथे'.
स्वतःच्याच दारावर थापा मारत होता
आणि आतून कुणी उघडत नव्हतं,
कारण आतला बाहेर उभा होता.

'इथे' खोडलं. ढगाला नाव दिलं: साठा.
दोघांना एका जाळ्यात बांधलं.
पहिलं पान गेलं. दोनशे.
दुसरं. दोनशे.
तिसऱ्यावर हानुसच्या अंगठ्याचा डाग होता,
तोही गेला, दोनशे.

"पोचलं वर?" हानुसने छताकडे पाहिलं.
"नाही हो. हा नुसता सराव.
बंद केला की हा सगळं विसरतो."
तिने बंद करून दाखवला, पुन्हा चालू केला.
बादली कोरडी ठाक,
जणू मेंढ्या कधी जन्मल्याच नव्हत्या.

हानुस बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिला.
मग वही परत तेलकापडात गुंडाळली,
दोरीला एक गाठ,
त्या गाठीवर आणखी एक,
आणि म्हणाला, ही काही मी अजून टाकत नाही.

खरा पत्ता ती उद्या घालेल.
आज त्या ओळीपुढे
टिपेचं चिन्ह आहे,
आणि काळी मेंढी, ऐकलं ते खरं असेल तर,
पुन्हा धक्क्यावर.