केर

बिकानेरात अकरा वर्षं
सराफांच्या दुकानांतला केर विकत घेतला ह्यांनी.
पोत्यानं. घासाघीस करून.
जाळायचा, चाळायचा, मुशीत घालायचा,
मग मुगाएवढं काहीतरी चकाकायचं.
हात धुतलेलं पाणीसुद्धा
मोरीत सोडायचं नाही.

मला तेजाबाचा ठसका लागायचा.
शेजारची केसर पाठ चोळायची.
तिची बाजरी, माझी बाजरी,
ती वर तूप ओतायची, मी ठेचा.
नवऱ्यांना नावं ठेवताना
तिचं मारवाडी मला, माझं मराठी तिला
सगळं कळायचं.

भट्टी आता पुतण्याकडे.
लेंगऱ्यात येऊन महिना झाला,
ह्यांची नखं अजून पिवळीच.

सकाळी अंगण झाडते
तर हे दारात.
"टाकू नकोस लगेच."
"का? सोनं आहे व्हय त्यात?"

बोलले नाहीत. उकिडवे बसून
बोटानं केर पसरत राहिले.
बाभळीचा पाला, शेळीच्या लेंड्या, सुतळी,
माझ्या फुटल्या काकणाचा तुकडा, हिरवा.
मी सुपली धरून ताटकळलेली.

तुकडा तेवढा उचलला,
फुंकला,
कोपरीच्या खिशात टाकला
आणि म्हणाले, "हं, ने आता."