वारं प्यालेला गोफ

इगा गावात आमचं दुकान. सोळा रिळांचं यंत्र,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठं, खोकतं माझ्यासारखंच.
रिळं एकमेकांना चुकवत फिरतात,
अरुंद गल्लीतल्या न पटणाऱ्या शेजाऱ्यांसारखी.
किमोनोच्या कमरेचे गोफ विणले त्यावर,
मग बुटांच्या नाड्या,
मग आठ महिने काहीच नाही.

मग हातानाका आली, विद्यापीठातली पोर,
पिशवीत रबराची नळी, शेवयीएवढी बारीक.
म्हणाली, हिच्याभोवती विणा. तेवीस अंशांत.
अंश?
मी जन्मभर बोटांनी मोजलं:
घट्ट, सैल, आणि सासूला चालेल असं.

पहिला नमुना तिनं माझ्याच टेबलापाशी लटकवला.
वरच्या टोकाला हवेची नळी, खाली चहाची किटली.
फुस्स.
वीतभर गोफ दोन बोटं आखडला
आणि किटली अधांतरी, झाकण थरथरत.

माझा नवरा फुगला की खोलीभर पसरायचा.
हा फुगतो, आखूड होतो
आणि काम करतो.
वारं प्यालेलं वासरू उधळतं, एवढंच ठाऊक होतं मला.
हे वारं पितं आणि ओझं उचलतं.

"पण चोपन्न अंशांच्या जरा पुढे थांबतो," ती म्हणाली,
"मग कितीही हवा भरा."
का, ते सांगायला कागदावर त्रिकोण काढला.
मी मान डोलावली. कळलं नव्हतं.
कागद मात्र ठेवून घेतला, तांदळाच्या डब्याखाली.

आता वाकायामाच्या एका शेडमध्ये
माझ्या दोनशे गोफांचा हात पिकलेले पीच उचलतो.
डाग पडत नाही म्हणे.
माझ्या हातून पडतो.

सप्टेंबरात पाकीट आलं. आत एक मेलेला गोफ.
आठ लाख बारा हजार वेळा आखडला,
पहाटे तीनला फाटला.
चिठ्ठीत दोष नव्हता, नुसते आकडे. ते जास्त लागलं.
दिव्याखाली उसवत गेले.
सुंभ गेलेला, पीळ शाबूत, तेवीसच्या तेवीस अंश,
आणि मधेच अंगठ्याएवढ्या लांबीत
अकरावा धागा ढिला.

लेबलावरची तारीख पाहिली आणि आठवलं.
बहिणीचा फोन होता, डोळ्याच्या ऑपरेशनचा.
यंत्र न थांबवताच घेतला होता मी,
एका हातानं.

लिहून पाठवलं: अकरावं रीळ. चूक माझी.
नवे वीस पाठवते, पैसे नकोत.

फाटका टाकवेना.
कुणी नाही बघून तोंडाला लावला, फुंकला.
आखडला नाहीच. फाटीतून माझंच वारं
गालावर आलं, मुळ्याच्या लोणच्याचा वास घेऊन.
सध्या त्यानं वांग्याचं रोप काठीला बांधलंय.

यंत्र चालू असताना मी फोन उचलत नाही आता.
बहीण फुगून बसली आहे.