हे बरं, की हे?

ओबनच्या धक्क्यावर बोट रद्द झाल्याची पाटी लागली
तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.
माझ्या पायाशी भिंगांची पेटी,
दोनशे सहासष्ट भिंगं, मखमलीच्या खाचांत निजलेली,
आणि पलीकडच्या बेटावर
अकरा माणसांचे एकवीस डोळे माझी वाट बघत.
एकाला एकच आहे.

कट्रिओना म्हणाली, वेळ जाईना तर खेळू या.
निर्जन बेटावर पाच सिनेमे न्यायचे. फक्त पाच. बोल.
तिनं तिकिटाच्या पाठीवर आकडेही घातले,
एक ते पाच, आणि पुढं कोरं.

वारा काचेवर मुठीमुठीनं मीठ मारत होता.
धक्क्याच्या टोकावरचा हिरवा दिवा
भर दिवसा लागलेला.

तिचा पहिला : तिला मुळीच न आवडलेला.
"बेटावर भांडायला कुणीतरी नको?"
दुसरा, ज्यात सगळे सारखे जेवत असतात.
तिसरा, जो अर्ध्यावर आला असताना
तिनं नवऱ्याला सोडायचं ठरवलं
आणि उठून बाहेर आली;
शेवट काय झाला ते बघायचंय अजून.

मी सवयीनं एकेक भिंग डोळ्यापुढं सरकवत गेलो.
हे बरं, की हे?
तो, ज्यात सासरा शेवटी स्वतः चहा करतो,
की तो, ज्यात एक सुतार दोन तास नुसतं दार बसवतो?
आता? आणि आता? दोन्ही सारखंच?
लोक अशा वेळी घाबरतात, उत्तर चुकेल म्हणून.
मी त्यांना सांगतो, चूक असं काही नसतं,
दिसतं ते सांगा.

मला दिसत होता तो
मी न पाहिलेला.

चाळीसगाव. मला कांजिण्या.
घरचे सगळे थेटरात, मी लिंबाच्या पाल्यावर.
मग शरयूताईनं तीन रात्री मला सिनेमा सांगितला,
उंबऱ्याबाहेर बसून, अंतर राखून,
मारामारीला भिंतीवर थापा मारत,
गाणं आलं की "इथं गाणं आहे" म्हणून
गाण्याइतका वेळ गप्प बसत.
त्यात एक बाई होती, खोटं नाव सांगून स्टेशनमास्तर झालेली.
ती रोज रात्री एका न येणाऱ्या गाडीला
हिरवा कंदील दाखवायची.
का, ते ताईनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
अंगाला खाज सुटलेली, पण हात हलला नाही माझा.

वीस वर्षांनी ग्लासगोत तो सिनेमा मिळाला.
पांघरूण घेऊन अख्खा पाहिला.
स्टेशन नाही. कंदील नाही.
बाई आहे, ती रडते आणि लग्न करते.
ताईला फोन लावला, तर म्हणाली,
"मी? काहीतरीच. कुकर लावलाय, ठेवते."

मग नेणार कुठला, कट्रिओनानं विचारलं, तिचा की खरा?
मी म्हटलं, तिथं वीज आहे का?

यावर समोरचा म्हातारा हसला.
मांडीवर नवाकोरा नळ, खोक्यासकट.
"माझं बेट आहे निर्जन," म्हणाला,
"मी सात वर्षांचा होतो, आम्ही शेवटचे अठरा जण उतरलो.
सिनेमा यायचा वर्षातून दोनदा, पिठाच्या पोत्यांबरोबर.
पडदा म्हणजे आमच्या आईची चादर.
तिच्यावर शहरं जळायची, घोडे उधळायचे,
आणि मग तीच अंगावर घेऊन आम्ही झोपायचो."

चादर आणलीत का येताना?

"चादर आणली. मांजर सापडलं नाही."

कुणी काही बोललं नाही.
कट्रिओनानं तिकिटाची घडी घातली, पुन्हा उलगडली.
मी पेटी उघडली, एक भिंग पुसलं,
त्याच्या उजव्या डोळ्यापुढं धरलं
आणि भिंतीवरची पाटी वाचायला सांगितली.
"रद्द," तो म्हणाला.
ते काढून दुसरं धरलं.
त्यानं मान जराशी पुढं काढली.
"रद्दच. पण हे बरं."