मधली रेघ

बावीस वर्षं मी हीच रेघ मारत आलो,
पांढरी, मधोमध,
फ्रीसलंडच्या सपाट कुरणांतून पट्टी धरून आखल्यासारखी.
यंदा तीच खरवडून काढायचं काम
माझ्याच अंगावर आलं.

चित्स्केबाई आल्या, नकाशांची गुंडाळी काखेत.
म्हणाल्या, हा रस्ता फार सरळ आहे,
तेच याचं वाईट.
याला जरा वळण लावू.

गावच्या हॉलमध्ये सभा. कॉफी, आणि माणशी एकच बिस्किट.
कुणी विचारलं, दुधाचे टँकर कुठून जायचे?
कुणी म्हणालं, लोकांनी नीट चालवलं
तर रस्त्याला हात कशाला लावायचा?
नाही चालवणार, बाई म्हणाल्या.
डुलकी लागेल. मागच्या सीटवर पोर रडेल.
नोव्हेंबरात चार वाजता ऊन थेट डोळ्यांत घुसेल.
माणूस चुकणारच.
चूक पोटात घालेल असा रस्ता करू.

हिल्के मागे बसला होता.
त्याची मुलगी याच रस्त्यावर, शाळेतून येताना,
अकरा किलोमीटर, समोरचा वारा,
सायकलवर मान खाली घालून...
तो काही बोलला नाही.
आपला कप धुऊन पालथा घातला, निघून गेला.
सोमवारी त्याच्या कुंपणाचे खांब
चार मीटर आत गेलेले दिसले.
कुणी मागितलं नव्हतं.

तिथून आता सायकलवाट जाते, चराच्या पलीकडून.
नाक्यावर गोल आला. कडेला गवताची रुंद पट्टी,
मध्ये काहीच नाही.
रेघ होती तेव्हा ज्याला त्याला वाटे,
माझी बाजू माझ्या बापाची.
आता समोरून कुणी आलं की
दोघंही पाय उचलतात,
पाहुण्यांसारखे अंग चोरून जातात.

फेब्रुवारीत धुक्यात एक पोरगा वळण चुकला.
गाडी गवतावर चढली, खरखरत गेली,
कालव्यापासून दोन हातांवर थांबली.
हिल्केने ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, ओढून काढली.
मग त्या पोराला अशा शिव्या घातल्या
की चरातले बगळे उठले.
पोरगा थरथरत हो हो म्हणत होता.
मी बॅटरी धरून उभा होतो;
मला कुणी गप्प करायला सांगितलं नाही,
मीही केलं नाही.

रस्ता ओला झाला की जुनी रेघ अजून पुसट दिसते.
परवा बाईंना सांगितलं.
म्हणाल्या, परत खरवडा.