शुद्धिपत्र

कलिनाच्या वर्गावरून दर चार मिनिटांनी
एक विमान खाली खाली येतं
आणि बेहरे मॅडम वाक्य अर्ध्यावर ठेवतात,
खडू फळ्याला तसाच टेकवून.
विमान गेलं की पुढचा शब्द,
जणू मधे काही झालंच नाही.
पहिला आठवडा आम्ही हसलो.
आता आम्हीही तसेच बोलतो,
कॅन्टीनमध्ये, भांडताना.
सादिक मुकादम तर एका मुलीला विचारताना
दोनदा अडकला.
तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

बातमीचे सहा क, मॅडम म्हणाल्या.
कोण, काय, कधी, कुठे, का, कसं.
मी जालन्याची. आमच्या गल्लीत
हे सगळे क उंबऱ्यावर उभे असतात:
कुणाची गं तू, कधी आलीस, का आलीस.
मला वाटलं, हा विषय माझा पाठच आहे.

पहिलं काम: आवारातला एक माणूस,
दोनशे शब्द, विशेषण एकही नको.
बाकीचे प्राचार्यांच्या केबिनबाहेर रांगेत बसले.
मी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर गेले,
तिथे एक काका वर्तमानपत्रं शिवतात.
महिन्याचा गठ्ठा, तीन भोकं,
दाभण, मेण लावलेला दोरा.
बातम्या ते वाचत नाहीत.
फक्त निधनवार्ता बघतात,
"ओळखीचं कुणी राहून जायला नको."

फोन टेबलावर ठेवला. रेकॉर्डिंग चालू.
नाव विचारलं.
"विश्राम," म्हणाले, आणि विमान.
ओठ हलले.
मी मान डोलावली.

चारपानी सराव-अंकात, तिसऱ्या पानावर, खाली:
विश्राम वाघ, सत्तावीस वर्षं, एक दाभण.
वर माझं नाव, ठळक टाइपात.
आईला फोटो पाठवला.
शिलाई मशीन थांबवून तिनं फक्त माझं नाव वाचलं.
तेवढं बरोबर होतं.

काकांनी ते पान कपाटाच्या दाराला
आतून चिकटवलं होतं.
निळ्या बॉलपेननं आडनाव खोडून वर लिहिलेलं: घाग.
दोन अक्षरांचं आडनाव,
माझी दोन्ही चुकली.
"साठ वर्षं घाग होतो," ते म्हणाले,
"तुम्ही एका रात्रीत वाघ केलंत.
बायको म्हणते, राहू द्या तसंच."
आणि हसले, आणि दोरा दातानं तोडला.
मला हसता आलं नाही.

दोनशे शब्द एका रात्रीत झाले होते.
शुद्धिपत्राच्या दोन ओळींना तीन दिवस लागले.
आधी लिहिलं: अनवधानाने.
किती छान शब्द,
बसायला पाट दिल्यासारखा.
मग रेकॉर्डिंग परत ऐकलं, हॉस्टेलच्या जिन्यात,
कारण खोलीत अन्सिला लोपीस
वसईला फोनवर जेवणाबद्दल खोटं बोलत होती.
विश्राम. विमान. विमान. विमानाची शेपटी.
त्यांचा खाकरा.
मग माझा आवाज, घाईचा, चांगला स्पष्ट:
"हं हं. पुढे?"

खोडलं, आणि लिहिलं:
गेल्या अंकात श्री. विश्राम घाग यांचं आडनाव
वाघ असं छापलं गेलं. ते मला ऐकू आलं नव्हतं.
मी पुन्हा विचारलं नाही.

मॅडमनी वाचलं. लाल पेन उघडलं.
शेवटच्या वाक्यावर आणलं
आणि वरून विमान.
ते जाईपर्यंत पेन हवेत.
मग त्यांनी टोपण लावलं
आणि म्हणाल्या, 'छापलं गेलं' नाही. 'छापलं.'

डिसेंबरात दोन्ही अंक एका गठ्ठ्यात शिवले गेले.
शिवले. घागकाकांनी.
भोक बरोबर माझ्या नावातून गेलं,
मधलं अक्षर दोऱ्याखाली.
मुद्दाम का, असं विचारणार होते,
तेवढ्यात काचा थरथरायला लागल्या.
मी थांबले.
गेलं.
मग विचारलं.