दोरीला हात

फॉर्ममध्ये एक चौकट होती: अनुभव.
तिच्यात कर्सर लुकलुकत होता
निवतीच्या दीपगृहासारखा,
आहे, आहे, एवढंच सांगत.

आधी लिहिलं, अत्यंत उत्साही, झटपट शिकणारी.
खोडलं.
कुडाळच्या कॉलेजात दुसरं वर्ष. हे ठेवलं.
लॅपटॉप मामेभावाचा, बिजागरीला सुतळी,
हे कुणी विचारलं नव्हतं.

खरं तर सुरुवात भांडणाने झाली.
भरती-ओहोटी सांगणारा तो प्रोग्राम,
कुठकुठल्या अनोळखी माणसांनी फुकट लिहिलेला,
म्हणाला, पूर्ण भरती दहा पन्नासला.
बाबांनी जाळ्यातून मानही वर केली नाही.
"खोटा. आज आवस. अकरा वीस."
मग आम्ही दोघं वाळूत काठी रोवून बसलो,
मी आणि प्रोग्रामचा शत्रू.
दहा पन्नासला पाणी चढतच होतं.
अकरा वीसला काठीपाशी थांबलं,
जरा विचारात पडल्यासारखं,
आणि मागे फिरलं.

अर्धा तास हरवला होता.
पूर्ण तासांच्या देशात राहणाऱ्या कुणीतरी
साडेपाचातले साडे
सहज गाळले होते.

तो शोधायला मला अकरा रात्री लागल्या.
दुरुस्ती दोन ओळींची.
बाबा म्हणाले, "भोक येवडासाच आसता. गावाक येळ लागता."

रीगाहून इल्झे नावाच्या बाईचं उत्तर आलं:
छान. आता याची चाचणी लिही.
चाचणी म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं.
दोन दिवस ठाऊक असल्यासारखी वागले,
घरातल्या घरात, कुणी बघत नसताना.
मग विचारलं.
आजवर लिहिलेल्या सगळ्या कोडपेक्षा
ते एक वाक्य लिहायला जास्त वेळ गेला.
तिने सगळं समजावलं, आणि खाली:
आमच्या समुद्राला भरती जवळजवळ नसतेच.
इथे काठी रोवून बसलीस तर म्हातारी होशील.

"ती कोण तुझी?"
"कोण नाय. निवड झाली तर शिकवतली, तीन महिने."
"पयसे?"
"थोडे मिळतत."
"आणि केलेला काम कोणाचा?"
"सगळ्यांचा."
मी समजावायला तोंड उघडलं,
फुकट म्हणजे काय, खुलं म्हणजे काय,
पण बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले,
"म्हणजे रापण."

रापणीत तसंच असतं.
दोरीला हात लावला त्याला वाटा,
मग तो शाळा बुडवलेला पोर असो
की भाड्याच्या खोलीतला पाहुणा,
चार बांगडे त्याच्या पिशवीत पडतातच.
"पण हात लावचो लागता," बाबा म्हणाले,
"काठार उभो रवान बोंबलतलो त्येका नाय.
आणि नवो आसात, त्येना शेपटाक रवाचा. दोरी गुंडाळूची."

त्या चौकटीत मग मी लिहिलं:
दोन ओळी. एक चाचणी.
रापणीची दोरी, सातव्या वर्षापासून,
शेवटच्या टोकाला.
याचं इंग्रजी करताना बरंच सांडलं.
नाव लिहिलं, वृषाली मेतर,
आणि गाव, जे त्यांच्या यादीत नव्हतं.

फॉर्म बंद व्हायची वेळ जगाच्या घड्याळात सहा,
आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा.
त्या साडेकडे मी दोनदा पाहिलं.
रेंज फक्त सड्यावर.
बाबा बॅटरी धरून उभे, पायाला मच्छर,
मी जांभ्यावर मांडी घालून.
अकरा बारा. गोल फिरत राहिला.
अकरा एकोणीस. थांबला. परत फिरला.
अकरा वीसला
मिळालं, असं आलं.

आम्ही दोघांनीही वेळ वाचली.
कुणीच काही बोललं नाही.

पाऊलवाट उतरताना त्यांनी विचारलं,
"आणि घेतल्यानी नाय तर?"
"पुढल्या वर्साक."
"हं."
बॅटरीचा उजेड माझ्या पायांपुढे,
त्यांचे पाय अंधारात, सवयीने.
बऱ्याच वेळाने, करवंदीच्या जाळीपाशी:
"त्या बाईक सांग, एकदा हय ये म्हणान.
काठी आसा माझ्याकडे."