होनग्याला येणाऱ्यांची यादी

फळ्यावर कागद लागला. वर कन्नडात छापील,
खाली कुणीतरी पेननं मराठीत:
एक तारखेपासून उद्यमबागेतलं शेड बंद,
मशिनी होनग्याला जातील,
येणाऱ्यांनी सोमवारपर्यंत सही करावी.
न येणाऱ्यांनी काय करावं
ते दोन्ही भाषांत नव्हतं.

मोनाप्पा येळ्ळूरचा. म्हणाला,
गड दिसतोय तंवर मी जातो.
लेथवरून मान वर केली की खिडकीत राजहंसगड,
तीस वर्षं.
होनग्यात काय दिसणार, हायवे?
त्यानं पेनला हात लावला नाही.

बसवराज बैलहोंगलहून येतो, चारला उठून.
"नडीतद," म्हणाला, आणि पहिली सही त्याची.
एवढ्या लांबून येणाऱ्याला
आणखी थोडं लांब, लांब वाटत नसावं.
विचारलं नाही मी.

पॅकिंगच्या सुमित्राबाईंचा हिशेब किलोमीटरचा नाहीच.
सहाची बस चुकली की सव्वासातची.
मधला सव्वा तास पोरगी कुणाच्या तरी पायरीवर बसणार.
पायरी कुणाची, यावर सगळं.

मी जॉबकार्डाच्या मागं गणित मांडलं.
गर्लगुंजी ते इथं चौदा. होनगा धरलं तर एकतीस.
पेट्रोल, चेन, मागचा टायर,
दुसऱ्या गेटाला रेल्वे लागली तर अकरा मिनिटं.
पगार तोच.
तोच म्हणजे कमी.

रविवारी शेवंताला मागं बसवून बघून आलो.
काकतीपुढं वारं फार. नव्या शेडला कुलूप,
वॉचमन म्हणाला, आत अजून पाणी नाही.
कंपाऊंडला टेकून डबा खाल्ला.
भाकरी मऊच होती अजून,
मला वाटलं, जमतंय.

परतताना गेट पडलेलं. मालगाडी संपता संपेना.
तिचं कपाळ माझ्या पाठीला लागलेलं.
"जाताना जवळच होतं की," म्हणाली,
"येताना कुणी लांबवलं?"

मग मी बोललो, जे आठवडाभर बोललो नव्हतो:
थ्री फेज सहाला येते, नऊला जाते.
मी पोचणार साडेसातला. कोबीला पाणी कोण सोडणार?

"मोटार मी चालू करतो की.
बॅटरी तेवढी चांगली आण, ती जुनी मिणमिणती."

रात्री ती झोपल्यावर बाहेर पडलो,
उंबऱ्यापासून मोटारीच्या खोपीपर्यंत पावलं मोजली.
चारशे बारा. मधे ओढ्याचा उतार,
तिथं माझाच पाय घसरला.

सोमवारी सही केली.
नावापुढं रकाना होता: राहत्या घरापासून अंतर.
एकतीस लिहिलं.
पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.
मागं सुमित्राबाई उभ्या होत्या,
म्हणाल्या, सर की बाबा,
माझी बस आहे.